पहिल्या दिवसाचं झाड

नोव्हेंबरातली बेल्मीरोची शेवटची आठवण सुपाची होती. बायकोने, देओलिंदाने, लसूण-कोथिंबीर ठेचून, वर कढत पाणी ओतून, शिळ्या पावाचे तुकडे घातले होते, अंडं सोडलं होतं, आणि त्याला त्यात चमचा बुडवावासाही वाटला नव्हता. अंगात हुडहुडी भरली होती. त्यानंतरची आठवण एकदम नाताळ उलटून गेल्यावरची. वर पांढरा दिवा, नाक खाजत होतं, आणि खाजवायला म्हणून हात उचलायला गेला तर हात उठलाच नाही.

मधले एक्केचाळीस दिवस त्याच्या लेखी नव्हतेच. आधी साधा खोकला, मग न्यूमोनिया, मग जंतू रक्तात गेले, किडन्यांनी अंग काढून घेतलं, घशात नळी घालून मशीनने श्वास पुरवला, हे सगळं त्याने इतरांकडून ऐकलं. तेही अर्धवटच, कारण कुणी सांगायला लागलं की तो म्हणायचा, "बरं बरं, झालं ते." त्याच्यापाशी त्या दिवसांचं जे होतं ते भलतंच होतं. आपण होडीत निजलो आहोत, अंगावर कॉर्कच्या फळ्या रचल्या आहेत, आणि निळ्या टोपीतली एक बाई थोड्या थोड्या वेळाने आपल्याला वजनकाट्यावर घालून म्हणते, "अजून ओला आहे, राहू दे." डॉक्टर म्हणाले, औषधांनी असे भास होतात. बेल्मीरोने मान डोलावली. पण ती बाई पुन्हा भेटली तर वजन किती भरलं होतं ते विचारायचं, असं त्याने मनाशी ठरवून ठेवलं होतं.

वजनाचं म्हणाल तर तेवीस किलो उतरलं होतं. घरी आणला तेव्हा त्याच्या मांड्या देओलिंदाच्या दंडाएवढ्या झाल्या होत्या, आणि देओलिंदा काही पैलवान नव्हे. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. सोळाव्या वर्षापासून दर उन्हाळ्यात कॉर्कची झाडं सोलत आलेला. बाटलीचं बूच आधी झाडाची साल असतं आणि ती कुणालातरी कुऱ्हाडीने सोलून काढावी लागते, हे पिणाऱ्यांच्या ध्यानातही नसतं; वाल्वेर्द गावाला मात्र दुसरं काही सुचत नाही. अशा माणसाला आता शर्टाची गुंडी लावायला दहा मिनिटं लागायची, आणि लावून झाली की तो धापा टाकत पलंगावर बसायचा. चमचा बोटांतून निसटायचा. सकाळी उशीवर केसांचे झुपके राहायचे. आवाज इतका घोगरा झाला होता की फोनवर सख्ख्या बहिणीने विचारलं, "कोण बोलतंय?" आणि दहाही नखांवर एक आडवी खाच उमटली होती. त्या दिवसांत शरीराने नखं वाढवणंसुद्धा बंद ठेवलं होतं, त्याची ती खूण, असं इव्होनने सांगितलं.

इव्होन म्हणजे आरोग्य केंद्राकडून येणारी, व्यायाम करून घेणारी मुलगी. मंगळवारी आणि शुक्रवारी तिची छोटी गाडी दाराशी लागायची. तिशीची असेल. अंगाने काडी, जिभेने तिखट.

"मे अखेरीला सोलणी सुरू होते," बेल्मीरोने तिला पहिल्याच भेटीत बजावलं. "तोवर मला तयार कर."

"मे?" ती त्याच्या पोटऱ्या चाचपत म्हणाली. "कुठल्या सालचा?"

बेल्मीरो हसला. आजारातून उठल्यावर पहिल्यांदाच हसला, आणि त्यापायी पाच मिनिटं खोकत बसला.

"चेष्टा नाही, सेन्योर बेल्मीरो," ती म्हणाली. "जितके दिवस तिथं आडवे होतात तितके आठवडे धरून चला. त्याहून जास्त लागले तर मला शिव्या घाला, पण घासाघीस करू नका. मी बाजारात बसलेली नाही."

त्याने मनातल्या मनात हिशेब केला. एक्केचाळीस आठवडे म्हणजे ऑक्टोबर. ऑक्टोबरात झाडाची साल अंगाला घट्ट चिकटलेली असते, तेव्हा कुऱ्हाड काय चाटायची? त्याने ठरवलं की पोरीला काही कळत नाही.

त्याला घाई होती ती कुस्तोदियोपायी. कॉर्कचं झाड दोघांनी सोलायचं असतं, एक या बाजूने, एक त्या बाजूने, आणि गेली सव्वीस वर्षं बेल्मीरोच्या झाडाच्या दुसऱ्या बाजूला कुस्तोदियो उभा होता. धिप्पाड, विधुर, दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा. त्यातली दोन जेवणाबद्दल. टोळीचा मुकादम सिप्रियानो सोलणीच्या पहिल्या दिवशी सकाळी जोड्यांची नावं घ्यायचा. त्या सकाळी ज्याचं नाव आलं नाही, त्याचं त्या उन्हाळ्यात येत नसे, आणि एकदा फुटलेली जोडी टोळीत पुन्हा कधी लागलेली कुणी पाहिली नव्हती. नवा माणूस हाताशी बसला की बसला. बेल्मीरोला पगाराची फिकीर नव्हती, आजारपणाचं सरकारकडून येत होतं. त्याला एवढंच हवं होतं की पहिल्या दिवशी सिप्रियानोने दोन नावं एका दमात घ्यावीत, नेहमीसारखी. तसं झालं की तो नोव्हेंबर आलाच नव्हता, असं त्याला म्हणता आलं असतं.

कुस्तोदियो दर रविवारी यायचा आणि स्वयंपाकघरात बसून राहायचा. हॉस्पिटलात मात्र तो एकदाच गेला होता. काचेच्या दारातून आत पाऊल टाकलं, नळ्या लावलेला बेल्मीरो पाहिला आणि झाड पडावं तसा उताणा पडला. चार नर्सनी मिळून त्याला उचलला, शेजारच्या खोलीत झोपवला, डोक्याला तीन टाके घातले. गावात हा किस्सा इतका फिरला की बेल्मीरो मरणाच्या दारात होता हे लोक विसरले आणि कुस्तोदियोच्या डोक्याची चौकशी करू लागले.

"तुला काय झालं होतं रे तेव्हा?" बेल्मीरोने एकदा विचारलं.

"उकडत होतं," कुस्तोदियो म्हणाला.

फेब्रुवारीत बेल्मीरो काठी घेऊन अंगणापर्यंत पोचला, मार्चमध्ये चौकातल्या कॅफेपर्यंत. तो आत शिरला की पाच माणसं उठून उभी राहायची आणि पाच खुर्च्या एकदम पुढे सरकायच्या. गावात इतक्या खुर्च्या आहेत हे त्याला आजवर ठाऊकच नव्हतं. तो एकीवरही बसायचा नाही. काउंटरला टेकून, पाय थरथरत असताना, कॉफी उभ्यानेच संपवायचा आणि घरी येऊन दुपारभर मेल्यासारखा झोपायचा. देओलिंदा त्याच्या तळव्यांना ऑलिव्हचं तेल चोळायची, कारण उजवं पाऊल अजून लुळं पडायचं आणि चालताना अंगठा जमिनीला खरडायचा. चोळताना ती त्याच्या छातीकडे बघत असायची. छाती वर जाते, खाली येते, एवढंच बघायची.

तो न्हाणीघरात गेला की ती दाराबाहेर.

"दाराशी उभी राहू नकोस!" तो आतून ओरडायचा.

"मी कुठं उभी आहे? फरशी पुसतेय."

"सकाळपासून तिसऱ्यांदा?"

"घाण होते. तुला काय दिसतंय आतून?"

एप्रिलमध्ये त्याने कुऱ्हाड बाहेर काढली. परसात एक जुना ओंडका पडला होता, त्याच्यावर पहिला घाव घातला. मग दुसरा, तिसरा. चौथ्याला मूठ हातातून सुटली आणि कुऱ्हाड कोंबड्यांच्या जाळीवर जाऊन आदळली. कोंबड्यांनी गाव डोक्यावर घेतलं. त्याने वर पाहिलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीत देओलिंदा उभी होती. तिने खिडकी लावून घेतली.

रात्री तिने जेवण वाढलं. मग पावाचा तुकडा मोडताना म्हणाली, "यंदा जाऊ नकोस."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही."

"मग? अगं, मी बरा झालोय. माझं मला कळत नाही का? झोपलो होतो, उठलो. अशक्तपणा आहे, तो कामानेच जाईल."

देओलिंदाने पाव खाली ठेवला. "झोप तुला लागली होती, बेल्मीरो. एक्केचाळीस दिवस. मला नाही लागली." आणि ती उठून भांडी घासायला लागली, जेवण अर्धं राहिलेलं असताना.

तिच्या पाठीकडे पाहत बेल्मीरो बसला. तीही वाळली होती. कधी वाळली, हे त्याने पाहिलं नव्हतं. त्याला तिची दया आली आणि रागही आला, कारण तिच्या तोंडाकडे पाहिलं की आपण खरंच कुठंतरी जाऊन आलो असं वाटायचं, आणि नेमकं तेच त्याला वाटून घ्यायचं नव्हतं.

त्याने सराव सोडला नाही. इव्होनने दिलेला स्पंजाचा चेंडू तो दिवसभर दाबत राही. मेच्या मध्यावर नखांवरची ती खाच टोकाला आली, आणि ज्या दिवशी ती कापता आली त्या दिवशी त्याने स्वतःहून दाढी केली. तो आता दहा-बारा घाव घालू शकत होता. जिना न थांबता चढत होता. जिना चढून गेल्यावर वर काय करायचा ते मात्र तो कुणाला सांगत नसे. वर तो पायरीवर बसून भिंतीला डोकं टेकायचा आणि डोळ्यांपुढचे काजवे जाण्याची वाट पाहायचा.

सोलणीला चार दिवस असताना मुकादम सिप्रियानो घरी आला. टोपी हातात घेऊन बसला, वाइनचा पेला घेतला, हवापाण्याचं बोलला, अन् मग मुद्द्यावर आला.

"तुझं नाव घेतो मी. पण पहिलं झाड नेहमीसारखं सगळ्यांसमोर. पाव तास. झाडाला जखम नाही. जमलं तर तू आणि कुस्तोदियो. नाही जमलं तर..." त्याने पेला फिरवला. "कोरूश गावचा एक माणूस आहे. अबिलियो. हात जड आहे त्याचा, पण तरणा आहे."

"त्याला घरीच राहू दे," बेल्मीरो म्हणाला.

तेव्हा कुस्तोदियोही तिथंच बसला होता, भिंतीशी. त्याने आपला पेला एका घोटात रिकामा केला.

पहिल्या दिवशी साडेसहाला सगळे माळावर जमले. बेल्मीरोला देओलिंदाने गाडीतून आणून सोडलं आणि गाडी वळवून गेली. दव होतं. लव्हेंडरचा वास होता. टोळीतले चौदा जण त्याच्या पाठीवर थापा मारायला पुढे आले आणि थापा मारताना हात आखडता घेऊ लागले, काचेचं भांडं पुसावं तसे. सिप्रियानोने यादी काढली आणि पहिलीच नावं घेतली, एका दमात, "बेल्मीरो-कुस्तोदियो."

झाड जोडीने निवडायचं असतं. कुस्तोदियो सरळ चालत एका झाडापाशी जाऊन उभा राहिला. मध्यम वयाचं, सरळ बुंध्याचं, पहिल्या दिवसाला साजेसं. बेल्मीरो आपल्या बाजूला गेला. सिप्रियानोने घड्याळ पाहून मान हलवली.

सोलणाऱ्याचं निम्मं काम कानाचं असतं. बंद सालीवर कुऱ्हाड पडली की आवाज भरीव येतो, भिंतीवर मारल्यासारखा. साल आतून सुटायला लागली की आवाज पोकळ होतो, रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा. भरीवचा पोकळ होईपर्यंत मारायचं आणि त्यापुढे एक बोटही आत जायचं नाही, कारण आत दुसरी, ओली, कोवळी साल असते. तिला सगळे आई म्हणतात. आईला कुऱ्हाड लागली की तो व्रण झाडावर जन्मभर राहतो, आणि कुणी केला हेही गावाच्या लक्षात राहतं.

बेल्मीरोने पाय रोवले, कुऱ्हाड उचलली आणि पहिला घाव घातला.

आवाज पोकळ आला.

तो थांबला. पहिल्याच घावाला पोकळ? त्याने हातभर खाली दुसरा घाव घातला. पोकळ. त्याने वाकून पाहिलं. सालीच्या भेगेत, जिथं नैसर्गिक चीर असते तिथं, कुणीतरी आधीच धार फिरवली होती आणि साल पुन्हा दाबून बसवली होती. कडेला आतला ओलावा वाळून तांबूस झाला होता. साल उभीच होती, पण झाडाला धरून नव्हती. कुऱ्हाडीच्या दांड्याचं टोक घालून जरा उचकटलं असतं तर अख्खी फळी हातात आली असती. दोन मिनिटांचं काम.

त्याने बुंध्याच्या आडून पलीकडे पाहिलं. कुस्तोदियो स्वतःच्या बुटाकडे पाहत होता.

मग बेल्मीरोने मागे वळून टोळीकडे पाहिलं. एकजण बाटलीतून पाणी पीत होता, बराच वेळ. दुसरा कुऱ्हाडीची धार अंगठ्यावर घासत होता. तिसऱ्याला आभाळात काहीतरी दिसलं होतं. सिप्रियानो घड्याळात डोळे घालून उभा होता. चौदा माणसं, सगळी याच आवाजावर जगलेली, आणि एकाच्याही कपाळावर आठी नाही. हे सगळे ऐकणार, हे कुस्तोदियोला कसं सुचलं नसेल? लबाडी कुणासमोर करायची याचंही काही तारतम्य असतं की नाही?

बेल्मीरोला कळून चुकलं. सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि सगळे गप्प बसणार होते. दोन मिनिटांत फळी खाली पडली असती, सिप्रियानो म्हणाला असता, शाबास, आणि सप्टेंबरपर्यंत रोज कुणीतरी त्याच्या आधी जाऊन त्याचं झाड सैल करून ठेवलं असतं. त्याचं नाव यादीत राहिलं असतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रेमाने आलं की अपमानाने, ते त्याला वेगळं करता आलं नाही. त्याला हवी होती ती जागा समोर होती, फक्त हात पुढे करायचा होता.

"काय रे," तो वळून, त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला. "चौदा जणांचे कान एकदम गेले का?"

पाणी पिणाऱ्याने बाटलीचं झाकण लावलं.

"मला नाही काही ऐकू आलं," सिप्रियानो घड्याळातून मान वर न करता म्हणाला. "वय झालं आता."

"चर्चची घंटा तुला तीन किलोमीटरवरून ऐकू येते. बारा वाजता, जेवणाच्या वेळी. तेव्हा कुठं जातं तुझं वय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरा, मग सगळेच, सुटका झाल्यासारखे. बेल्मीरोही हसला. कुस्तोदियो तेवढा हसला नाही. बेल्मीरो बुंध्याला वळसा घालून त्याच्याजवळ गेला आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलला.

"काल संध्याकाळी आला होतास?"

"हं."

"रात्रभर वारा होता. आईला वारा लागला तर झाड वाळतं. हे तुला मी सांगायचं?"

"माहीत आहे."

"सव्वीस वर्षांत एका झाडाला तुझा ओरखडा नाही, कुस्तोदियो. एका झाडाला नाही. आणि काल स्वतःहून... का रे?"

कुस्तोदियोने मान वर केली. त्याचा चेहरा रडायला आलेल्या मोठ्या माणसाचा असतो तसा कुरूप झाला होता. "झाडं काय," तो म्हणाला, "झाडं ढीगभर आहेत."

सिप्रियानोने दोघांकडे पाठ केली आणि इतरांवर खेकसला की सर्कस बघायला आणलं नाही कुणाला, लागा आपापल्या झाडांना.

"पलीकडचं घेऊ," बेल्मीरो म्हणाला. "बंद आहे ना?"

"बंद आहे."

"माझ्या बाजूला हात लावायचा नाही."

ते दुसरं झाड. इथं पहिला घाव भरीव आला आणि मनगटापासून खांद्यापर्यंत झणका गेला. दहा घावांत हात गळाठले. पंधराव्याला कुऱ्हाड तिरकी पडली. पण साल जाड होती, आईपर्यंत गेली नव्हती. पाव तास झाला. कुस्तोदियोची बाजू केव्हाच सोलून झाली होती आणि तो हात मागे बांधून उभा होता, कुऱ्हाड गवतात ठेवून. बेल्मीरोच्या नजरेपुढे काजवे आले. इथं टेकायला पायरी नव्हती, भिंत नव्हती, आणि माणसं होती.

"मला बसायला काहीतरी आण," तो म्हणाला.

कुस्तोदियोने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो परकी भाषा बोलला. मग धावत जाऊन ट्रॅक्टरवरून पाण्याच्या बाटल्यांचं रिकामं खोकं आणलं आणि झाडाशी उपडं घातलं. बेल्मीरो बसला. चांगली पाच मिनिटं बसून राहिला, सगळ्यांच्या देखत, आणि आभाळ काही कोसळलं नाही. मग बसल्या बसल्याच त्याने खालची साल मारायला घेतली. तीन घाव, विश्रांती. तीन घाव, विश्रांती. छातीपर्यंतचं उभं राहून, धापा टाकत. त्यावरचं त्याच्याने होईना.

"वरचं तू काढ," तो म्हणाला, आणि कुस्तोदियोने कुऱ्हाड उचलून ते काढलं.

फळी सुटली तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. मधल्या वेळात इतर प्रत्येक जोडीने सात-आठ झाडं केली होती. बेल्मीरोने तळवा आतल्या ओल्या सालीवर फिरवला, वरपासून खालपर्यंत. गुळगुळीत. कुठंही घाव नाही. चांगलं झालं होतं काम. आणि त्याच वेळी त्याला लख्ख दिसलं की पाव तासाच्या झाडाला पावणेदोन तास लागले, आणि आता या खोक्यावरून उठून रस्त्यापर्यंत जायचं तरी कसं, हा प्रश्न आहे.

सिप्रियानो येऊन उभा राहिला. त्यानेही सोललेला बुंधा पाहिला. "स्वच्छ आहे," तो म्हणाला.

"नाही जमत मला, सिप्रियानो," बेल्मीरो म्हणाला. हे तीन शब्द त्याने पाच महिन्यांत इव्होनला, देओलिंदाला, स्वतःलाही ऐकवले नव्हते. म्हटल्यावर त्याला रडू फुटेल असं वाटलं होतं. फुटलं नाही, नुसताच थकवा आला, खरा, हाडांतला. "या उन्हाळ्यात नाही जमायचं. मी समजत होतो झोपून उठलोय. त्या कोरूशच्या माणसाला बोलाव."

सिप्रियानोने मान खाजवली. "तो कालच आलाय. ट्रकमध्ये झोपलाय."

"लबाड आहेस."

"मुकादम आहे," सिप्रियानो म्हणाला. मग खाली वाकला आणि बेल्मीरोच्या मानेवर हात ठेवून क्षणभर तसाच राहिला.

कुणीतरी देओलिंदाला फोन केला. गावातून माळावर यायला पंधरा मिनिटं लागतात. ती तीन मिनिटांत हजर झाली. दोन तास ती कुठल्या झाडीमागे गाडी लावून बसली होती, ते बेल्मीरोने विचारलं नाही. तिने त्याचा घामाने भिजलेला शर्ट पाहिला, खोकं पाहिलं, सोललेलं झाड पाहिलं.

"झालं नाही," तो म्हणाला. "मला उठव."

उठायला मदत कर, असं त्याने तिला आजवर म्हटलं नव्हतं. ती नेहमी न विचारता धरायची आणि तो हात झटकायचा. देओलिंदाने त्याच्या काखेत हात घातला आणि त्याने आपला सगळा भार तिच्यावर टाकला. ती हलली नाही.

तोवर अबिलियो जांभया देत आला होता. तिशीचा, बैलासारख्या मानेचा गडी. तो शेजारच्या झाडाला, बेल्मीरो उभा राहायचा त्या बाजूला उभा राहिला, पलीकडे कुस्तोदियो. अबिलियोने हातावर थुंकून कुऱ्हाड हाणली. एक, दोन, तीन, चार. गाडीकडे निघालेला बेल्मीरो देओलिंदाच्या खांद्यावरच थांबला. आवाज पोकळ झाला होता आणि तरी घाव पडतच होते.

"हळू!" तो ओरडला. "आत चाललास! सुटलीय ती!"

अबिलियोने कुऱ्हाड अर्ध्यात थांबवली आणि वळून पाहिलं. एक हाडाचा सापळा, बायकोच्या खांद्याला लटकलेला.

"हा कोण?" त्याने विचारलं.

"माझा जोडीदार," कुस्तोदियो झाडापलीकडून म्हणाला.

"मग मी कोण?"

"तू या उन्हाळ्यापुरता. तो हळू म्हणाला ना? मग हळू मार."

अबिलियो पुटपुटला काहीतरी. देओलिंदाने नवऱ्याला नीट सावरून धरलं आणि दोघं गवतातून गाडीकडे चालू लागली, तो उजवा पाय जरा ओढत, ती त्याच्या चालीने. मागून पुन्हा घाव पडायला लागले. आता ते हलके पडत होते.